निदान निळा तरी पड!

काल रात्री पुन्हा. आणि तेही बॅकअप घेताना! हा कॉम्प्युटर नावाचा डबा रोज उठून मान टाकतो, एक दिवस कायमचा डोळे मिटेल, त्याआधी फोटोबिटो बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवू म्हणून बसले, तर नेमका तेव्हाच गेला. त्याला कळतं. मला खुशाल वेड्यात काढा, पण त्याला कळतं.

४१२ जीबी. अकरा वर्षांचे फोटो, कॅसेटवरून उतरवून घेतलेला आजीचा आवाज, आणि 'नंतर वाचू' म्हणून साठवलेल्या शेकडो पीडीएफ, ज्या मी या जन्मी उघडणार नाही. दोन तास चाळीस मिनिटं मी खुर्चीतून हलले नाही. पाणी प्यायलासुद्धा उठले नाही, न जाणो उठले आणि काही झालं तर? हिरवी पट्टी सरकत सरकत काठाला लागली आणि खाली आलं, '१ मिनिट शिल्लक'. ते मिनिट तुम्हाला माहीतच आहे. त्या मिनिटात माणूस आंघोळ उरकून, कपडे वाळत घालून परत येतो. मी मात्र टक लावून बसले होते. आणि टक्. धाड नाही, फट् नाही, नुसतं टक्. पडदा काळा. पंख्यांनी क्षणभर दम खाल्ला, पुन्हा घरघरायला लागले, आणि वर मदरबोर्डचा लोगो झळकला, जसे काही साहेब वामकुक्षी आटोपून ताजेतवाने होऊन आलेत.

विंडोज कोसळताना दाखवतं तो निळा पडदा? छे! तीच तर माझी खरी पोटदुखी आहे. लोकांचे कॉम्प्युटर जाताना निदान दोन शब्द बोलून जातात. २०१२ पासून त्या निळ्यावर रडकं तोंड असायचं, २०१६ पासून स्कॅन करायला क्यूआर कोडही असायचा (विंडोज ११ मध्ये २०२५ पासून दोन्ही गेलं, पडदाही काळा झाला), खाली 'मेमरी मॅनेजमेंट' किंवा 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल' असली काहीतरी कॅपिटलमधली शिवी असते. त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण शोधायला एक शब्द तरी हाताला लागतो. माझ्या नशिबी तेवढंही नाही. कोसळल्यावर आपोआप पुन्हा सुरू व्हायची, 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची टिक मी मुद्दाम काढून ठेवली होती, की बाबा घाई नको, सावकाश जा, पण दोन ओळी खरडून जा. कोसळल्याच्या नोंदी जिथे साठतात ते मिनीडंपचं फोल्डर उघडलं तर आत शुकशुकाट.

मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही. तिथे लाल खुण, कर्नल-पॉवर ४१. म्हणणं काय, तर यंत्रणा आधी नीट बंद न होता पुन्हा सुरू झाली. अहो, मी समोर बसले होते! बगचेक कोड, म्हणजे कोसळण्याचं कारण सांगणारा आकडा, किती? शून्य. शेजारी ६००८, 'आधीचं शटडाउन अनपेक्षित होतं'. मलाही होतं हो. मेलेल्या माणसाच्या पंचनाम्यात 'मृत्यूचं कारण: श्वास थांबला' लिहिण्यातला प्रकार. आणि त्या १००१६ नंबरच्या इशाऱ्यांचं तर नावच काढू नका. डिस्ट्रिब्युटेडकॉम म्हणे. चांगले चाळीसेक दिसले, मी तीन रात्री त्यांच्या मागे, परवानग्या बदल, रजिस्ट्री उकर. चौथ्या दिवशी कळलं की तो इशारा निरुपद्रवी आहे, दुर्लक्ष करा, असं खुद्द बनवणाऱ्यांनीच सांगून ठेवलंय. मग दाखवता कशाला? घरात पाहुणा आला की 'दारात कोणी नाही' अशी आरोळी ठोकतो का आपण?

बरं, सल्ले देणारे. 'एसएफसी स्कॅननाउ मार.' विंडोजच्या फाइली तपासणारी आज्ञा ती. मारलं. सात वेळा मारलं. 'सगळं ठीक आहे' म्हणतं ते. माझ्याकडे बघून म्हणतं. 'बंद करून चालू कर.' दादा, तो बंद पडतो हीच तक्रार आहे ना? शिवाय ते बंद करणंही खरं नाही, हे किती जणांना ठाऊक आहे? फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन म्हणजे अर्धवट झोप, कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, तसाच्या तसा डिस्कवर लिहून ठेवायचा आणि सकाळी तोच शिळा उघडायचा. खरं ताजं व्हायचं तर रीस्टार्ट. म्हणजे 'बंद' म्हणजे बंद नाही आणि 'पुन्हा सुरू' म्हणजे बंद. हे ज्याने ठरवलं त्याला एकदा माझ्यासमोर बसवा, बाकी काही नको.

'विंडोज नव्याने टाक' वाले तर वेगळीच जमात. यांच्या घरी नळ गळला तर हे भिंत पाडत असणार.

रॅम काढून खोडरबरने घासून बसवली. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्टचे चार फेरे रात्रभर चालवले, एकही चूक नाही. रॅमला जोरात पळवणारं एक्सएमपी बंद केलं, ३२०० च्या वेगाची रॅम २१३३ वर आणून बैलगाडीसारखी हाकली. तापमान बघितलं, ६१ अंश, म्हणजे प्रोसेसर माझ्यापेक्षा थंड डोक्याचा. ग्राफिक्स ड्रायव्हर मुळासकट उपटून पुन्हा लावला. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरीही बदलली, बिचारीचा काही संबंध नसताना. शेवटी पॉवर सप्लाय. जुना ४५० वॉटचा काढून ६५० चा आणला. तो चोवीस पिनांचा कनेक्टर उपसताना अंगठ्याचं नख गेलं. त्याची ती खिट्टी दाबायची आणि त्याच वेळी ओढायचं, एवढ्या जागेत, जिथे माझी करंगळीसुद्धा आडवी मावत नाही. नवा सप्लाय बसवल्यावर सव्वा तास चालला. मी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. टक्.

रिपेअरवाल्याकडे दोन दिवस ठेवला. त्याने टेबलावर मांडून दिवसभर चालवला. 'मॅडम, आमच्याकडे तर मक्खन चालतो.' त्या 'मॅडम'मध्ये जे काही होतं ना, ते मी विसरणार नाही.

आणि भाचा! वय वर्षं अकरा. रविवारी आला, तीन तास गाड्या उडवायचा कसलासा गेम खेळला, ग्राफिक्स कार्ड विमानासारखं ओरडत होतं, हूं की चूं नाही. तो उठला, मी बसले, मेल उघडलं, टक्. 'मावशी, तुझ्याच हातून बंद पडतो गं तो,' म्हणाला. मी म्हटलं, गप बस. तीन तास पूर्ण ताकदीने पळतो आणि माझी एक मेल उघडताना दम लागतो? मेमटेस्ट रात्रभर चालते, मी झोपलेली असते तेव्हा. मी उठून येऊन खुर्चीत

आत्ता! आत्ता पुन्हा गेला! मी मोबाइलवर हे लिहितेय, तो समोर नुसता डेस्कटॉप दाखवत चालू होता, मी हातसुद्धा लावला नव्हता. दोन्ही हात मोबाइलवर आहेत माझे.

हात.

पाय हलतोय. डावा. टेबलाखाली, कॅबिनेटच्या अंगाला लागून. लहानपणापासूनची खोड आहे, आई ओरडून ओरडून थकली. आणि भाच्याचे पाय त्या खुर्चीवरून जमिनीला टेकतच नाहीत.

थांबा जरा.

बऱ्याच तासांनी परत आलेय. तर झालंय असं. पुढच्या पॅनलवरच्या रीसेट बटणाच्या (दाबलं की मशीन तडक पुन्हा सुरू) वायरी मदरबोर्डच्या पाठीमागून त्याच्यापर्यंत जातात, आणि ती बाजू माझ्या डाव्या पायाकडे. तिकडचं पत्र्याचं झाकण उघडलं तर दोनातली एक वायर पत्र्याच्या कडेत सापडून पापडासारखी चपटी झालेली. वरचं प्लॅस्टिक सोललेलं, आत तांब्याचा तांबूस ठिपका चमकतोय, मुगाच्या दाण्याएवढा. त्या बटणात जादू काहीच नसते, एका वायरीला ग्राउंडला टेकवलं की रीसेट, बस. आणि अख्खं कॅबिनेट म्हणजेच ग्राउंड. माझा पाय पत्र्याला लागला की पत्रा आत दबायचा, तांब्याला टेकायचा, टक्. विंडोजला कशाचा पत्ताच नाही, निळा पडायला फुरसत कुठली? पायाचा अंगठा लावून मी स्वतः तीनदा करून बघितलं. तिन्ही वेळा टक्. चौथ्यांदा केलं ते निव्वळ सूड म्हणून.

ती वायर तिथे सापडली कशी, हे विचारू नका. बरं, सांगते. गेल्या वर्षी धूळ काढली होती मी. झाकण पुन्हा बसेना. वायरींचा भारा मध्ये येत होता. तेव्हा मी कॅबिनेट आडवं पाडून झाकणावर गुडघा ठेवला आणि बसवलंच. फार अभिमान वाटला होता.

म्हणजे रिपेअरवाल्याचा हातगुण, भाच्याचा हातगुण, सगळे खरे, आणि इकडे माझा पायगुण. त्याची ती 'मक्खन' चालणारी मशीन टेबलावर होती, टेबलाच्या वर पाय घेऊन कोण बसतं? पावणेतीन तास मी खुर्चीतून हलले नाही म्हणून वर एवढी शेखी मिरवली. हलले नव्हते हो, कमरेच्या वर.

तरीही राग गेलाय असं समजू नका. हा पत्रा एवढा पातळ कोणी केला? अंगठ्याने दबतो? आणि रीसेट बटण दाबलं गेलं तर दाबलं गेलं असं कुठेतरी लिहून ठेवायला कुणाच्या बापाचं काय जातं? चाळीस निरुपद्रवी इशारे लिहायला जागा आहे म्हणे. शून्य लिहितात. शून्य!

रीसेटचा प्लग मदरबोर्डवरून उपटून टाकलाय, वायरीला काळी टेप गुंडाळलीय. जुना ४५० वॉटचा सप्लाय, ज्याला मी महिनाभर नाही नाही ते बोलले, तो खोक्यात कपाटावर आहे. त्याच्याकडे बघायची हिंमत होत नाही. भाच्याला अजून सांगितलेलं नाही, सांगायचा विचारही नाही.

बॅकअप पुन्हा लावलाय, पहिल्यापासून. '१ मिनिट शिल्लक' येऊन बावीस मिनिटं झाली. मी खुर्चीत मांडी घालून बसलेय.