लाकडी आंब्यातून केळं दिसेलच, हे कुणी सांगितलं?

चतुर्थीच्या दिवसांत कोकणातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरणारा मेसेज असा: ‘होलोग्राममधली वस्तू कायम भुतासारखी आरपारच दिसणार. प्रकाश प्रकाशाला अडवत नाही. काळा रंग तर दाखवताच येत नाही.’ पुरावा म्हणून माटवीखाली (गणपतीवर टांगलेल्या सजावटीच्या चौकटीखाली) फिरणाऱ्या एलईडी पंख्याचा व्हिडिओ. तो पंखा मुळात होलोग्रामच नव्हे. पाती गरगर फिरतात, डोळ्यांत चित्र रेंगाळतं आणि मागची रंगवलेली भिंत दिसत राहते, इतकंच. होलोग्राम म्हणजे वस्तूवरून येणारी प्रकाशाची लहर पुन्हा उभी करणारी प्लेट किंवा पडदा; ही लहर संगणकात गणितानेही काढता येते.

प्रकाश प्रकाशाला अडवत नाही, हे खरंच आहे. सावंतवाडीचा लाकडी आंबा पुढे, लाकडी केळं मागे ठेवून संगणकात दोघांच्या लहरींची नुसती बेरीज केली, तर आंब्यातून केळं दिसणारच. पण खऱ्या टेबलावर केळ्याचा प्रकाश अडवतं ते आंब्याचं लाकूड. बेरजेत ते लाकूडच राहून गेलेलं असतं.

ते असं घालतात. सुरुवात मागच्या केळ्यापासून. त्याची लहर, अँप्लिट्यूड (लहरीची उंची) आणि फेज (चढउतारातली तिची जागा) यांसकट, एफएफटी या झटपट गणिती पद्धतीने आंब्याच्या पातळीपर्यंत आणायची. तिथे आंब्याच्या आकाराच्या आत शून्याने गुणायचं, बाहेर एकाने. हा झाला मास्क. मग आंब्याची लहर मिळवून सगळं प्लेटपर्यंत न्यायचं. आधी मिळवून मग मास्क लावला, तर आंबाच पुसला जातो. एफएफटीपूर्वी कडेला शून्यं भरून रुंदी-उंची दुप्पट करा; नाहीतर एका कडेने बाहेर गेलेला प्रकाश दुसऱ्या कडेने आत शिरतो.

काळा रंग? लाकडी जांभूळ घ्या. मास्क लावायचा आणि लाखेच्या चकाकीपुरतीच लहर मिळवायची. चकाकीसाठी प्रकाश आरशासारख्या परावर्तनाच्या दिशेभोवती आवळून ठेवतात. मॅट पृष्ठभागाला यादृच्छिक फेज देऊन तो सगळीकडे पसरवतात. त्याची किंमत म्हणजे ठिपक्याठिपक्यांचा स्पेकल.

‘फक्त समोरून दिसणारे बिंदू घ्या, झालं’ हा मेसेजखालचा सल्ला अर्धाच बरोबर. लाल लेझरला (६३३ नॅनोमीटर) ८ मायक्रॉन पिक्सेलच्या पडद्यावर पाहण्याचा कोन जेमतेम ४.५ अंश, तिथे हे खपतं. १ मायक्रॉनच्या प्लेटवर तो ३७ अंश होतो. मान कलली की आंब्यामागे केळ्याऐवजी काळं भोक.

मास्कचीही खोड आहेच. तो सपाट, आंबा गोल. तिरपं पाहिलं की मास्क अरुंद दिसतो आणि १८ अंशांवर कडेला त्रिज्येच्या सुमारे ५ टक्के पट्टीतून मागचं झिरपतं. म्हणून आंब्याचे त्रिकोण पाडून प्रत्येकाला स्वतंत्र मास्क देतात. जपानमधल्या कान्साई विद्यापीठात २००९ साली केलेल्या ‘द व्हीनस’ होलोग्राममध्ये पुतळा चांगला भरीव दिसतो. पिक्सेल ६५,५३६ × ६५,५३६, प्रत्येक १ मायक्रॉनचा. असं एकच प्रकाशक्षेत्र, म्हणजे प्रत्येक पिक्सेलवरच्या लहरीची नोंद, मेमरीत ठेवायला सुमारे ३४ जीबी लागतात. घरच्या लॅपटॉपवर ४०९६ × ४०९६ पासून सुरुवात करावी. प्लेट ४ मिलिमीटरची होते, पण अडणं-झाकणं कळायला पुरते.

मेसेज खरा ठरतो तो समोरचं जग दिसत असतानाच त्यावर चित्र दाखवणाऱ्या पारदर्शक चष्म्यांत. मास्क संगणकातलाच प्रकाश कापतो. मालवणच्या समुद्रावरून थेट डोळ्यांत येणारं ऊन त्याला कापता येत नाही. त्यासाठी चष्म्यातच ऊन अडवणारा वेगळा एलसीडी पडदा लागतो.