साडेत्रेचाळीस गुंठ्यांचे अठ्ठावीस

वडिलार्जित जमिनीची वाटणी ही गोष्ट आपल्याकडे पूर्वीपासून भाऊबंदकी, कुऱ्हाडीचा दांडा आणि दिवाणी न्यायालय यांच्या साहाय्याने पार पडत आली आहे. आमच्या घरात दुर्दैवाने भावंडांचे एकमेकांशी चांगले पटते, त्यामुळे अडवणुकीची सगळी जबाबदारी नियमांनाच उचलावी लागली.

तालुक्याच्या गावाला लागून आमचे एक शेत आहे. त्याच्या पूर्वेच्या बांधाला डांबरी रस्ता आहे आणि सातबाऱ्यावर त्याचे क्षेत्र 44 आर, म्हणजे घरातल्या भाषेत साडेत्रेचाळीस गुंठे आहे. वडिलांनी आर हे माप शेवटपर्यंत मान्य केले नाही. त्यांच्या लेखी जमीन 33 फुटी साखळीने मोजायची असते, साखळीचे सोळा आणे असतात आणि एक साखळी लांब, एक साखळी रुंद अशा 1089 चौरस फुटांना गुंठा म्हणतात. रुपयातून आणे 1957 साली हद्दपार झाले, तरी आमच्या बांधावर ते वडिलांच्या हयातीपर्यंत चलनात होते.

आक्का, दादा, मी आणि धाकटा अशी आम्ही चार भावंडे. चौघांना समान चार तुकडे पाडावेत, प्रत्येकाने आपापल्या तुकड्यावर घर बांधावे किंवा विकावे, असे दिवाळीच्या फराळावर एकमताने ठरले. दुसऱ्याच आठवड्यात तलाठी कार्यालयात आम्हाला कळले की जमिनीचे तुकडे पाडणे ही कौटुंबिक बाब नसून 1947 सालच्या तुकडेबंदी कायद्याची बाब आहे. त्या कायद्याखाली प्रत्येक भागासाठी प्रमाणभूत क्षेत्र ठरवून दिलेले असते आणि त्याहून लहान तुकडा पाडता येत नाही. 2023 साली बहुतेक जिल्ह्यांसाठी हे क्षेत्र बागायतीला 10 गुंठे आणि जिरायतीला 20 गुंठे असे ठरले. आमच्या वाट्याला प्रत्येकी पावणेअकरा गुंठ्यांच्या वर जमीन येत होती, म्हणजे शेत बागायती असते तर प्रश्नच मिटला असता. परंतु आमची विहीर बऱ्याच वर्षांपूर्वी आटली असून तिचा उपयोग आता केवळ चेंडू हरवण्यासाठी होतो. धाकट्याने विहिरीत टँकर ओतून पाहणी करून घेण्याची सूचना मांडली, ती आक्काने फेटाळली.

शेत शहराच्या विकास आराखड्यात रहिवास विभागात येते, तेव्हा शेतीचा कायदा आम्हाला कशाला लागेल, असा मुद्दा दादाने काढला. मुद्दा बिनतोड होता आणि त्याचे उत्तरही तयार होते. अशा विभागातसुद्धा प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा विकायचा झाल्यास तो मंजूर रेखांकनातून, म्हणजे प्लॉट आणि रस्ते आखलेल्या ले-आउटमधून, निर्माण झालेला असावा लागतो, असे सांगण्यात आले. (शासनाने 2025 साली तुकडेबंदीत सवलत जाहीर केली. तोवर आमची फाइल इतकी जाड झाली होती की ती मागे घेणे कोणाच्याच जिवावर आले.) थोडक्यात, चार तुकडे पाडता येत नव्हते, परंतु रीतसर ले-आउट करून पंधरा पाडता येत होते. या गणिताचा अर्थ मी अजूनही वहिनींना समजावून सांगतो आहे.

येथून पुढे आमचा संबंध दोन कायद्यांशी आला. जमीन महसूल संहिता 1966 ची आणि प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमही 1966 चाच. एकाच वर्षाची ही दोन अपत्ये असूनही त्यांचे आपसात फारसे बोलणे नसावे, असे माझे मत झाले आहे, कारण एकाच्या टेबलावर दिलेला सातबारा दुसऱ्याच्या टेबलावर नव्याने, ताजा आणि तीन महिन्यांच्या आतला मागितला जातो. सातबारा, आठ-अ, सगळे जुने फेरफार, झोन दाखला, भाग नकाशा आणि या सर्वांचा मुकुटमणी म्हणजे मोजणी नकाशाची 'क' प्रत. मोजणी तेव्हा साधी असे, तातडीची असे आणि अतितातडीचीही असे. आम्ही तातडीची फी भरली आणि त्यानंतर तातडी या शब्दाशी आमचे संबंध पूर्वीसारखे राहिले नाहीत.

मोजणीचा दिवस मात्र प्रेक्षणीय झाला. भूकरमापक साहेब साखळीऐवजी रोव्हर नावाचे, काठीवर टोपी घातल्यासारखे यंत्र घेऊन आले. ते काठी रोवत, हातातल्या पडद्याकडे पाहत, दोन पावले डावीकडे सरकत आणि शांतपणे म्हणत, "इथं खुंटी मारा." प्रत्येक खुंटीबरोबर शेजारच्या गटाचे मालक तात्या आपली प्लास्टिकची खुर्ची तेवढीच पुढे सरकवत होते. चौथ्या खुंटीला निष्पन्न झाले, की तात्यांच्या गोठ्याची एक भिंत आमच्या हद्दीत आहे आणि आमचे सीताफळाचे झाड त्यांच्या हद्दीत आहे. "सीताफळं तर तुम्हीच खात होता की इतकी वर्षं," तात्या म्हणाले. त्यावर भिंतीचा विषय दादाने त्या दिवसापुरता काढला नाही.

समोरच्या बाजूला गुंठेवारीतली वस्ती आहे. तिथल्या शेतमालकाने पंचवीस-तीस वर्षांपूर्वी कोणालाही न विचारता, पावले टाकून एकेक गुंठा पाडला आणि मुद्रांकावर लिहून विकून टाकला. त्या वस्तीतली मंडळी गॅलरीत चहा पीत आमची मोजणी पाहत होती. अशा वस्त्या नियमित करण्यासाठी 2001 साली कायदा झाला, त्यात 1 जानेवारी 2001 पूर्वीची बांधकामे धरली होती, आणि 2021 च्या दुरुस्तीने ती मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंत आणली. नियम न पाळणाऱ्यासाठी कायदा वीस वर्षे पुढे चालत येतो आणि नियम पाळणाऱ्याला वीस प्रती जोडाव्या लागतात, हे पाहून माझा संताप झाला होता. तेवढ्यात मैला उपसणारी गाडी त्या वस्तीत शिरू लागली. बोळ दहा फुटांचा, त्यात एकाचा जिना आणि दुसऱ्याची तुळस पुढे आलेली. गाडी अर्ध्यात अडकली, मागे घेता घेता तिने एक नळ तोडला आणि शेवटी चालकाने पाइपाला पाइप जोडून चौथ्या घरापर्यंत नेला. तो वास आमच्या खुंट्यांपर्यंत आला, आणि आमच्या ले-आउटच्या आतल्या रस्त्याला नियमाने नऊ मीटर कशाला हवेत, हा प्रश्न मी मनातल्या मनात मागे घेतला.

तरीही स्वतःच्या जमिनीतून नऊ मीटर जाताना पाहणे वेगळे असते. वास्तुविशारद बाईंनी आमच्यासमोर नकाशा पसरला आणि लाल पेनाने वजाबाकी सुरू केली. शेत 44 मीटर रुंद आणि 100 मीटर खोल, एकूण 4400 चौरस मीटर. पुढचा रस्ता आराखड्यात रुंद होणार असल्यामुळे दर्शनी भागातली तीन मीटरची पट्टी गेली. "त्याबदल्यात तुम्हाला चटईक्षेत्र, म्हणजे जास्तीच्या बांधकामाची परवानगी मिळते," असे त्या म्हणाल्या, तेव्हा आक्काने चटई किती बाय किती असते, हे विचारले. मग मधोमध पश्चिमेकडे जाणारा नऊ मीटरचा रस्ता, आणि तो पुढे बंद होत असल्यामुळे शेवटी गाडी वळवायला जागा. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई वगळता जवळजवळ सगळ्या राज्यासाठी एकच विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्यात 4000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचे रेखांकन करताना दहा टक्के खुली जागा सोडावी लागते.

"म्हणजे शेत चार गुंठ्यांनी लहान असतं तर खुली जागा सोडावी लागली नसती?" दादाने विचारले. बाईंनी होकार दिला. त्याच्या चेहऱ्यावर जे भाव उमटले ते पाहून त्या घाईने म्हणाल्या, की मुद्दाम तुकडा काढून शेत लहान करणाऱ्यांचाही नियमावलीत बंदोबस्त केलेला आहे. तात्यांना भिंतीसकट चार गुंठे बहाल करण्याचा जो उदार विचार दादाच्या मनात आला होता, तो जन्मतःच वारला. सरतेशेवटी लाल पेन खाली ठेवले गेले तेव्हा साडेत्रेचाळीस गुंठ्यांचे अठ्ठावीस आणि वर थोडी चिल्लर उरली होती. प्रत्येक वजाबाकी एकेकटी विचारली तर रास्त होती. मुलांना खेळायला जागा नको, असे कोण म्हणेल? अग्निशामक दलाची गाडी आत येऊ नये, असे कोणाला वाटेल? फक्त मुले गावाची, आग कोणाची ते ठरायचे होते आणि जमीन तेवढी आमची होती.

उरलेल्या जागेत रस्त्याच्या दोन्ही अंगांना मिळून जेमतेम दोन-दोन गुंठ्यांचे पंधरा प्लॉट बसले. रस्ता पूर्व-पश्चिम असल्याने निम्म्यांची तोंडे उत्तरेला आणि निम्म्यांची दक्षिणेला झाली. दक्षिणमुखी घरात लक्ष्मी टिकत नाही, असे वहिनींचे ठाम मत असून त्यांनी रस्ताच वळवण्याची मागणी केली. नियमावलीत दिशेची दखल नकाशाच्या कोपऱ्यातल्या उत्तरेच्या बाणापुरतीच घेतली जाते, हे ऐकून त्यांचा शासनावरचा विश्वास उडाला. दादाला मात्र कोपऱ्याचा प्लॉट हवा होता, कारण कोपऱ्याला भाव असतो. कोपऱ्याला दोन बाजूंनी रस्ता असतो, म्हणून दोन्ही बाजूंना सामासिक अंतर, म्हणजे बांधकामाभोवतीची मोकळी जागा, सोडावे लागते, शिवाय गाड्यांना वळता यावे म्हणून कोपरा गोल कापला जातो, हे त्याला दाखवले. "कापू दे," तो म्हणाला, "कोपरा तो कोपरा."

पंधराला चारने भाग जात नाही. तीन प्लॉट प्रत्येकाचे बारा, उरलेले तीन चौघांत कसे वाटावेत याचे उत्तर कोणत्याही अधिनियमात नसल्यामुळे ते विकून खर्च भागवावा, असे आक्काने सुचवले आणि ते सर्वांना पटले. रेखांकनाला तात्पुरती मंजुरी मिळाली. तिच्या अटींनुसार आधी खडी-डांबराचा रस्ता, गटारे आणि विजेचे खांब आम्ही स्वखर्चाने करायचे आहेत, त्यानंतर प्लॉटनिहाय मोजणी, मग अंतिम मंजुरी, मग कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातला बदल नोंदवणारा कागद) आणि मगच प्रत्येक प्लॉटचा वेगळा सातबारा. वेगळ्या सातबाऱ्याशिवाय प्लॉट विकता येत नाही, प्लॉट विकल्याशिवाय रस्त्याला पैसे नाहीत आणि रस्त्याशिवाय सातबारा नाही. खडीवाले अण्णा उधारीवर काम करायला राजी झाले आहेत. मोबदल्यात त्यांना पैसे नकोत, कोपऱ्याचा प्लॉट हवा आहे.