मामांना मिनिमाइजचं बटण हवं होतं

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि मामांचा लॅपटॉप लटकला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ती त्यांच्या मशिनमध्ये नाही. बाकी लॅपटॉप ठणठणीत. मी उत्साहात म्हटलं, विंडोजच्या जागी लिनक्स टाकून देतो. आणि मी स्वतः जे वापरतो तेच टाकलं: लिनक्सचा फेडोरा हा प्रकार, त्यावर साधा ग्नोम डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या-मेनूंचा समोर दिसणारा चेहरा. इथेच माती खाल्ली.

मामा सोसायटीचे खजिनदार. एकीकडे हिशेबाची शीट, दुसरीकडे बँकेचं स्टेटमेंट, मधेच व्हॉट्सअ‍ॅप. पाच मिनिटांत प्रश्न आला, "अरे, हे खाली ठेवायचं बटण कुठंय?"

ग्नोममध्ये खिडकीला फक्त फुली असते. २०११ साली ग्नोम ३ आला तेव्हा मिनिमाइजचं बटण गेलं. मी पढतमूर्खासारखा म्हणालो, "त्याची गरजच नाही मामा, दुसऱ्या वर्कस्पेसवर टाका." म्हणजे दुसऱ्या रिकाम्या डेस्कटॉपवर. मामांनी नुसतं चष्म्यावरून पाहिलं. मग ते डेस्कटॉपवर फाइल ठेवायला गेले. ती सोयही ग्नोमने २०१८मध्ये काढून टाकलीय.

आता कोणीतरी म्हणणार, सगळं बदलता येतं की! येतं ना. त्या एका बटणासाठी आधी 'ट्विक्स' नावाचं वेगळं अ‍ॅप टाकायचं. पण असं काही असतं हेच ज्याला माहीत नाही, तो काय शोधणार? त्याच्यासाठी पहिल्या दिवशी समोर दिसतं तेच लिनक्स.

ग्नोम वाईट आहे असं नाही. मोबाईलवर वाढलेल्या माझ्या भाचीला तो लगेच जमला, उलट तिला विंडोजच गचाळ वाटतं. पण मामा कॉम्प्युटरला नवखे नाहीत, फक्त लिनक्सला नवखे आहेत. १९९५च्या स्टार्ट बटणापासून हाताला लागलेलं वळण आहे ते. ते मोडायला लावून आपण नक्की काय कमावतो?

पुढच्या रविवारी मिंट हे दुसरं लिनक्स टाकलं, सिनॅमन डेस्कटॉपवालं. सिनॅमनचा जन्मच मुळी ग्नोम ३वरच्या नाराजीतून झालेला. खाली पट्टी, डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ. मामा अर्धा तास काही बोलले नाहीत, म्हणजे जमलं!

तरी मिंटलाही पैकीच्या पैकी देणार नाही. इन्स्टॉल करताना टाइमझोन कोलकाता निवडला, पण मराठीत टाईप करायचंय का, हे कोणी विचारलं नाही. देवनागरी दिसते छान. लिहायची तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये शिरा, भारतीय भाषांच्या यादीत मराठी शोधा, मग इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांचा सरकारी कीबोर्ड) की फोनेटिक (इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून) ते ठरवा. मामांच्या सगळ्या नोटिसा मराठीत. त्यांच्या दृष्टीने हे नाही तर कॉम्प्युटर बंदच. आणि मिंटची स्वागताची खिडकी 'पहिली पावलं' म्हणून सगळ्यात वर काय दाखवते? डेस्कटॉपचा रंग निवडा! त्याच जागी 'तुम्ही कोणत्या भाषेत लिहिता?' एवढा एक प्रश्न टाकला असता, तर मला ठाण्याहून डोंबिवलीला परत जावं लागलं नसतं.

काल मामांचा फोन होता. "स्टार्टमध्ये कॅल्क्युलेटर सापडत नाहीये." त्याला इथे मेनू म्हणतात, हे मी सांगितलं नाही. म्हटलं, स्टार्ट दाबा आणि नुसतं टाईप करा.