मीडियाचा डबा महाग, म्हणून मासे जास्त?

मासे पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला सतत फिरत असतो. शब्द बदलतात, मतितार्थ तोच. फिल्टरमधला साधा स्पंज म्हणजे नुसती कचऱ्याची जाळी, खरं काम सच्छिद्र सिरॅमिक मीडिया, म्हणजे बॅक्टेरियांना चिकटायला फिल्टरमध्ये भरायचे तुकडे, करतो. डब्यावर चौरस मीटरचा आकडा जितका मोठा तितके विषारी अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया जास्त, आणि तितके मासे जास्त ठेवता येतात. त्या पचनातून शेवटी उरणारा नायट्रेटही हा मीडिया संपवतो, म्हणून पाणी बदलायला नको. दर सहा महिन्यांनी तो टाकून नवा भरायचा, वर बाटलीतले बॅक्टेरिया ओतायचे, की त्याच दिवशी मासे सोडायला मोकळे.

यातलं प्रत्येक वाक्य कुठला ना कुठला डबा विकतं. तरी एकेक मुद्दा नीट तपासू.

आधी चौरस मीटर, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. काही डब्यांवर लिटरमागे शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग छापलेला असतो. हा आकडा खोटा असेलच असं नाही, पण असे प्रचंड आकडे येतात ते अतिसूक्ष्म छिद्रांच्या आतल्या भिंती मोजल्यामुळे. अमोनिया खाणारा बॅक्टेरिया साधारण एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. त्याहून बारीक छिद्रात तो शिरतच नाही. थोड्या मोठ्या छिद्रांच्या तोंडावर काही आठवड्यांत चिकट थर साचतो, आणि त्या थरात ऑक्सिजन मिलिमीटरच्या एखाद्या दशांशापर्यंतच पोचतो. त्याच्या आतल्या जागेचं भाडं तुम्ही भरता, राहायला कुणी येत नाही.

मग लागते किती जागा? हे माशांच्या संख्येवरून काढण्यापेक्षा खाण्यावरून काढावं, कारण टँकमधला अमोनिया शेवटी खाण्यातूनच येतो. १०० लिटरचा टँक आहे आणि रोज १ ग्रॅम खाणं पडतं असं धरू. छोट्या माशांच्या टँकला हे भरपूर झालं. त्यात ४० टक्के प्रथिनं असली तर सुमारे ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन आला. त्यातला साधारण निम्मा माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया होऊन पाण्यात उतरतो, म्हणजे दिवसाला ३० मिलिग्रॅमच्या आसपास. मत्स्यशेतीतले बायोफिल्टर एका चौरस मीटरवर दिवसाला ०.२ ते १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन, म्हणजे अमोनियातला नायट्रोजन, पचवतात. घरच्या टँकमध्ये अमोनिया जवळजवळ शून्य असतो, त्यामुळे वेग बराच मंदावतो. म्हणून सर्वात कमी आकड्याचाही दहावा भाग, २० मिलिग्रॅम, धरू. तरी हिशोब येतो दीड चौरस मीटरचा.

मध्यम छिद्रांच्या स्पंजचा एक लिटरचा तुकडा साधारण एक चौरस मीटर देतो. तळाच्या ३ मिलिमीटर जाडीच्या खड्यांचा लिटरमागे हिशोब केला तर तोही एक चौरस मीटरच्या वर जातो, आणि वरच्या थरातले खडे तर फुकटात कामाला लागलेलेच असतात. काच, लाकूड, पाइपची आतली बाजू वेगळीच. म्हणजे चार पानं वाढायची आणि हजार पाट मांडायचे, असला हा प्रकार. बॅक्टेरियांची संख्या जागेवर ठरत नाही, त्यांना रोज मिळणाऱ्या अमोनियावर आणि ऑक्सिजनवर ठरते. महाग मीडिया भरून खाणं तेवढंच ठेवलं तर बॅक्टेरियाही तेवढेच राहतील, फक्त जास्त जागेत विखुरतील.

आता स्पंज. तो कचरा अडवतो हे खरं. पण तेवढंच करतो, हे कुणी ठरवलं? बॅक्टेरियांना चिकटायला स्थिर पृष्ठभाग आणि वरून वाहणारं, ऑक्सिजन असलेलं पाणी लागतं. स्पंजमध्ये दोन्ही आहेत. जर्मनीत टँकच्या एका बाजूला उभा स्पंजचा पडदा लावून त्यामागून पाणी खेचायची पद्धत आहे, तिला हॅम्बुर्ग मॅटन फिल्टर म्हणतात. त्यात सिरॅमिकचा तुकडाही नसतो. आपल्याकडे गप्पीची पिल्लं काढणारे एअर पंपवर चालणाऱ्या साध्या स्पंज फिल्टरवर रांगेने टँक चालवतात, तेही याच जोरावर.

सल्ल्यातला एक भाग मात्र मला मान्य आहे. गाळाने भरलेला स्पंज वाईट काम करतो. पाणी त्याला टाळून बाजूने निघून जातं, आणि सडणारा गाळ खाणारे दुसरे बॅक्टेरिया ऑक्सिजन पळवतात. त्यामुळे कॅनिस्टरमध्ये, म्हणजे टँकबाहेरच्या बंद डब्याच्या फिल्टरमध्ये, पाणी आधी जाड स्पंजमधून आणि मग सिरॅमिक रिंगांमधून जावं ही रचना बरोबर आहे. सिरॅमिक रिंग वाईट नाहीत. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी खुशाल वापराव्यात. कौलाचे किंवा भाजलेल्या मातीच्या कुंडीचे तुकडेही चालतात, फक्त त्यांवर चकचकीत थर किंवा रंग नको. गोलसर प्लॅस्टिकच्या बायोबॉलबद्दल मात्र हात आखडता घ्या. ते वरून पाणी ठिबकणाऱ्या फिल्टरसाठी ठीक. पाण्यात बुडवून ठेवले तर डबा भरतो आणि पृष्ठभाग फारसा मिळत नाही.

नायट्रेट संपवण्याचा दावा सगळ्यात घातक, कारण तो माणसाला पाणी बदलण्यापासून सोडवतो. नायट्रेटचा वायू करणाऱ्या बॅक्टेरियांना ऑक्सिजन नसलेली जागा लागते, शिवाय खायला सेंद्रिय कार्बन लागतो. जोरात पाणी वाहणाऱ्या फिल्टरमध्ये या दोन गोष्टी एकत्र फारशा जुळत नाहीत. घडलंच तर इतकं थोडं घडतं, की रोजच्या खाण्यापुढे त्याचा पाड लागत नाही. नायट्रेट कमी करायचा तर पाणी बदला, नाहीतर झपाट्याने वाढणारी झाडं लावा.

आणि पाणी बदलणं नुसत्या नायट्रेटसाठी नसतं, हे त्या सल्ल्यात कुठेच नाही. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवताना बॅक्टेरिया पाण्यातली सुमारे ७ मिलिग्रॅम क्षारता, म्हणजे पीएच घसरू न देणारे क्षार, खातात. वरच्याच टँकचा हिशोब पुढे नेला तर महिन्याला लिटरमागे साठेक मिलिग्रॅम क्षारता जाते. पाणी मुळात मऊ असेल आणि ते बदललंच नाही, तर पीएच घसरतो आणि बॅक्टेरियांचं काम मंदावत जातं. मग कितीही भारी मीडिया असला तरी अमोनिया चढतो. बोअरवेलच्या जड पाण्यात क्षारता जास्त दिवस पुरते, पण तिथे पीएच वर असतो आणि अमोनिया अधिक विषारी होतो. ३० अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला टक्काभरही विषारी रूपात नसतो. पीएच ८ झाला की तोच भाग साडेसात टक्क्यांच्या आसपास जातो. बोअरचं किंवा टँकरचं पाणी वापरणाऱ्यांनी मीडियाच्या जाहिराती वाचण्याआधी अमोनियाचं आणि पीएचचं टेस्ट किट घ्यावं.

सहा महिन्यांनी मीडिया बदलायचा म्हणजे तयार वसाहत कचऱ्यात टाकायची. स्पंज मऊ पडून चुरा व्हायला लागला, रिंग फुटल्या, तरच बदला, आणि तेव्हाही अर्धा ठेवून. धुवायचा तो टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, दोन-चार वेळा पिळून. नळाखाली धरू नका, पालिकेच्या पाण्यातलं क्लोरीन जंतू मारण्यासाठीच असतं. दोन स्पंज असतील तर आलटून पालटून धुवा. ठराविक दिवसांनी बदलायची वस्तू म्हणजे फिल्टरमधला ॲक्टिव्हेटेड कार्बन (कोळसा), तिची शोषण्याची ताकद संपते. बहुधा तिचाच नियम इकडे चिकटलाय.

बाटलीतल्या बॅक्टेरियांबद्दल थोडक्यात. अमोनियाचा आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारी नायट्रोसोमोनास, नायट्रोस्पायरा ही मंडळी बीजाणू, म्हणजे वाईट काळात टिकून राहणारं सुप्त रूप, करत नाहीत. त्यामुळे उन्हात तापलेल्या दुकानाच्या फळीवर महिनोन्‌महिने पडलेल्या बाटलीत त्यांतले किती जिवंत असतील, हा प्रश्नच आहे. पावडरच्या पुड्यांमध्ये बरेचदा बॅसिलस जातीचे बॅक्टेरिया असतात, ते टिकतात, पण त्यांचं काम गाळ कुजवण्याचं. सगळ्यांत खात्रीचं बियाणं म्हणजे मित्राच्या जुन्या, निरोगी टँकमधला स्पंजचा तुकडा, ओला ठेवून त्याच दिवशी आणलेला. तोही नसेल तर तीन ते सहा आठवडे थांबायचं आणि किटवर अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्य आल्यावर थोडे थोडे मासे सोडायचे.

जाता जाता, डबा निवडताना कुणी विचारत नाही असा प्रश्न: वीज गेल्यावर काय? १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनला साडेचार मिलिग्रॅमहून जास्त ऑक्सिजन लागतो, आणि ३० अंशाच्या पाण्यात लिटरमागे तो मुळात मावतोच साडेसात मिलिग्रॅम. बंद पडलेल्या, मीडियाने ठासून भरलेल्या कॅनिस्टरमधला हा साठा लवकर संपतो आणि आत कुजायला सुरुवात होते. लोडशेडिंगच्या भागात राहत असाल तर बॅटरीवरच्या एअर पंपला जोडलेला स्पंज फिल्टर टँकमध्ये असू द्या. आणि बरेच तास बंद राहिलेला कॅनिस्टर वीज आल्या आल्या सुरू करू नका. आधी उघडा, आतलं वास मारणारं पाणी मोरीत ओता, मीडिया टँकच्या पाण्यात हलकेच खंगाळा आणि मगच बटण दाबा.