फ्रिजचं दार लाव गं

उन्हाळा फार आवडतो असं एखादी बाई म्हणाली ना, की आधी तिचं वय विचारून घ्यावं. पंचेचाळिशीच्या आतली असेल तर खरं बोलत असेल. पंचावन्नच्या पुढची असेल तरी खरं असू शकतं, तिने सगळं भोगून झालेलं असतं. पण मधली असेल तर ती एकतर खोटं बोलतेय नाहीतर एसीच्या बरोब्बर खाली उभी राहून बोलतेय. मी मधली आहे.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते की बहुतेक बायकांना ४५ ते ५५ या वयात मेनोपॉज येतो. येतो म्हणजे तारीख देऊन येत नाही, आधी काही वर्षं नुसताच खेळ चालतो, पाळी कधी लवकर येते, कधी दांडी मारते, आणि सलग १२ महिने आली नाही की मग डॉक्टर म्हणतात हां, झाला. म्हणजे झाला हे आपल्याला वर्षभराने कळणार. तोपर्यंत आपण चिडचिड करतोय ती हार्मोन्समुळे की घरच्यांमुळे याचा काही पत्ता लागत नाही (माझं मत विचाराल तर घरच्यांमुळे).

आमच्या डॉक्टरबाईंनी कागदावर दोन आडव्या रेघा काढून समजावलं. शरीराचं तापमान वरच्या रेघेच्या पलीकडे गेलं की मेंदू घाम काढतो, खालच्या रेघेखाली गेलं की थंडी वाजवतो, आणि दोन रेघांच्या मधे जी जागा असते तिथे माणूस आरामात जगतो. तर इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी व्हायला लागलं की मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा भाग बिथरतो आणि या दोन रेघा एकमेकींच्या जवळ येतात, मग जरा कुठे तापमान हाललं की लगेच आग लागल्यासारखी धावपळ, चामडीजवळच्या रक्तवाहिन्या उघडा, घाम सोडा, आणि दोन मिनिटांनी तोच घाम वाळताना कुडकुडायला लावा. घरी येऊन नवऱ्याला मोठ्या गंभीरपणे सांगितलं की माझ्या रेघा जवळ आल्यात. तो मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, चष्म्याचा नंबर तपासून घे.

अंगात अचानक उठणारी ही आग, म्हणजे एक हॉट फ्लॅश, साधारण एक ते पाच मिनिटं टिकतो म्हणे. ही मिनिटं ज्याने कोणी मोजली त्याने ती पेटलेल्या गॅससमोर उभं राहून मोजली नसणार एवढं नक्की. आणि हे प्रकरण एकूण किती वर्षं चालतं? तर अमेरिकेत बायकांच्या मागे वर्षानुवर्षं लागून केलेला एक मोठा अभ्यास २०१५ मध्ये छापून आला, त्यात ज्यांना वारंवार फ्लॅश येतात त्यांच्यात मधला आकडा निघाला ७.४ वर्षं. सात वर्षं मी एकवेळ समजून घेतली असती, पण त्या पॉइंट चारचा मला फार राग आला. आणि मधला आकडा म्हणजे निम्म्या बायका त्याच्याही पुढे. गोळ्या आहेत, हार्मोन थेरपी आहे, ती कोणाला चालते कोणाला नाही हे डॉक्टरने बघायचं असतं, ते सगळं आमचं चालू आहे, पण औषधाने उन्हाळा जात नाही ना. बाहेरचा उन्हाळा एक आणि हा आतला एक, असे दोन उन्हाळे एकाच गाऊनमध्ये घेऊन मी फिरतेय.

तर अशा बाईला तिच्या नणंदेने परवा विचारलं, "वहिनी, मुलं सुट्टीत घरी असतात तेव्हाचे तुझे सगळ्यात आवडते क्षण कुठले गं?" तिची पोरगी अजून तीन वर्षांची आहे, तिला असले प्रश्न सुचतात.

खरं सांगायचं तर मुलं लहान होती तेव्हा उन्हाळ्यातला माझा सगळ्यात आवडता क्षण म्हणजे ती दुपारी झोपायची तो. बाकी सगळं जे आता अल्बममध्ये गोड दिसतं ना, बादलीत बसलेला थोरला, आणि धाकटीने मगाने भरभरून पाणी ओतून ओली केलेली अख्खी गॅलरी, त्या फोटोंच्या बाहेर मी फडकं घेऊन उभी होते. झोपवायचं म्हणजे काय कमी कष्ट होते का, खोलीत अंधार करायचा, पंखा मोठा करायचा, एकीला थोपटायचं, तोवर दुसऱ्याला तहान लागायची, त्याला पाणी दिलं की हिला शू लागायची, आणि दोघं एकदाची झोपली की मी तिथेच त्यांच्या मधे अडकलेली, एकाचा पाय माझ्या पोटावर, एकीची घामट मान माझ्या दंडावर, हात काढला तर जागी होणार म्हणून हाताला मुंग्या आल्या तरी काढायचा नाही. त्या वेळी मला वाटायचं कधी ही मोठी होतील आणि कधी मला एकटीला पलंग मिळेल.

झाली मोठी. आता ज्या पोरांना दुपारी झोपवायला मी जीव टाकला ती दुपारी बारापर्यंत उठतच नाहीत. थोरला बाहेरगावी शिकतो, सुट्टीपुरता येतो, आणि आल्यावर पहिले काही दिवस तर नुसता आडवा असतो, दर सुट्टीला पलंग त्याला थोडा आखूड झालेला असतो. धाकटी पंधराची. तिच्या खोलीचं दार बंद असतं. वाजवलं तर "काय?" असं येतं, आणि त्या "काय"मध्ये इतकं काही असतं की पुढचं बोलायची सोय राहत नाही. दुपारी जेवायला बाहेर येते तेव्हा एका कानात हेडफोन असतो. मी विचारते, "काय गं, कशी आहेस?" "ठीक." "मैत्रिणी काय म्हणतात?" "काही नाही." "काही झालंय का?" "आई प्लीज." संपली मुलाखत.

एकदा मी आवाज चढवला की ही काय उठायची वेळ झाली, तर बाईसाहेबांनी मला विज्ञान ऐकवलं. वयात येताना मेंदूतलं झोपेचं हार्मोन, मेलाटोनिन, रात्री उशिरा सुटायला लागतं, दोन तासांपर्यंत उशीर होतो, त्यामुळे आम्हाला अकराच्या आत झोप येऊच शकत नाही, आणि झोप तर आठ ते दहा तास लागते, मग तूच हिशोब कर. वर म्हणे कॅलिफोर्नियात २०२२ पासून कायदाच आहे की हायस्कूल सकाळी साडेआठच्या आत भरवायचं नाही. हे सगळं खरं आहे, मी तपासून बघितलं, खोटं निघेल अशी फार आशा होती. फक्त त्याच अभ्यासांमध्ये रात्री डोळ्यासमोर स्क्रीन धरू नका हेही लिहिलेलं असतं, ते पान तिच्यापर्यंत पोचलेलं नाही.

म्हणजे घरातली परिस्थिती अशी की एका बाईचं थर्मोस्टॅट बिघडलंय आणि एका पोरीचं घड्याळ, दोन्ही एकाच हायपोथॅलॅमसच्या खात्यातली कामं, आणि दोघींची दुरुस्ती एकाच सुट्टीत निघालीये. दिवसा आम्ही एकमेकींना चालत नाही. पण रात्री एकच्या सुमाराला मी घामाने भिजून उठते आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन फ्रिज उघडून त्याच्यात जवळजवळ डोकं घालून उभी राहते, आणि साधारण त्याच वेळी ही तिच्या खोलीतून पाणी प्यायला येते. पहिल्यांदा आम्ही दोघी किंचाळलो होतो.

आता सवय झाली. ती येते, बाटली तोंडाला लावते (मी काही बोलत नाही), आणि ओट्याच्या कपाटाला पाठ टेकून फरशीवर बसते, फरशी गार असते म्हणून. मी फ्रिजकडे तोंड करून. आणि मग ती बोलायला लागते. आपणहून! कोण कोणाशी बोलत नाहीये, कोणी हिला एका ग्रुपमधून काढलं आणि हिने कसं काही वाटत नाही असं दाखवलं, गणिताचे सर कसे सगळ्यांसमोर बोलले, आणि एकदा तर असं काहीतरी की जे मी इथेही लिहिणार नाही. मी फक्त "हं" म्हणते. यातली मेख मला हळूहळू कळली. मी वळून तिच्याकडे बघितलं की ती गप्प होते. प्रश्न विचारला की गप्प. "बाळा" म्हटलं की बाटली घेऊन सरळ खोलीत. मी फ्रिजमध्ये तोंड घालून उभी असले, पुढ्यातल्या डब्यांची झाकणं वाचत असल्यासारखी, की पोरगी बोलते. त्यामुळे फ्लॅश ओसरला, घाम वाळला, चांगली थंडी वाजायला लागली तरी मी दार उघडं धरून उभी असते. एका रात्री दात वाजत होते माझे, पण गोष्ट अर्धी होती.

यात खोडा घातला थोरल्याने. तो इंजिनियरिंगला आहे, त्यामुळे त्याला घरात कुठलीही वस्तू चुकीची वापरलेली बघवत नाही. डोळे चोळत आला आणि म्हणाला, "आई, फ्रिज उघडा ठेवून खोली गार होत नसते. आतली उष्णता तो मागच्या बाजूने बाहेर टाकतो, शिवाय मोटर जी वीज खाते तिचीही उष्णता होते, म्हणजे बेरीज करून खोली उलट तापते." आणि दार लावलं. लावलं म्हणजे धाडकन. धाकटी उठली, बाटली घेतली, गेली. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो म्हणाला, "काय झालं? फिजिक्स आहे." पंख्याबद्दलही त्याचं हेच, पंखा हवा गार करत नाही, फक्त घाम लवकर वाळवतो, म्हणून रिकाम्या खोलीत चालू ठेवू नका. बरोबरच आहे रे सोन्या. पण तू झोपायला जा.

त्याला शेवटी सगळं समजावून सांगावं लागलं, की हे दार कशासाठी उघडं असतं. ऐकून घेतलं त्याने, आणि बर्फाचा रिकामा ट्रे तसाच फ्रीजरमध्ये परत ठेवून गेला. हा ट्रे रिकामा करून न भरता आत ठेवण्याचा गुन्हा आमच्या घरात रोज होतो आणि आजवर एकही आरोपी सापडलेला नाही.

जागरणात मी मोबाईलवर काहीही वाचत बसते, त्यात ओर्का, म्हणजे त्या किलर व्हेल माशांबद्दल वाचलं. मासे नव्हेत, सस्तन प्राणी, थोरल्याने दुरुस्त केलंच. तर मेनोपॉज होणारे प्राणी जगात मोजकेच, त्यात आपण आणि काही जातींचे व्हेल. ओर्काची बाई पिल्लं होणं बंद झाल्यावरही कित्येक वर्षं जगते, आणि माशांचा दुष्काळ पडला की कळपाच्या पुढे पोहत सगळ्यांना खाणं कुठे आहे ते दाखवते. फ्लॅश येतात का तिला, कोणी विचारलेलं दिसत नाही, पण निदान पाणी तरी थंड आहे तिथलं. आणि ज्या ओर्कांचा सगळ्यात जास्त अभ्यास झालाय त्यांच्यात मुलगा आयुष्यभर आईच्याच कळपात राहतो. आयुष्यभर! चांगला टनावारी वजनाचा बाप्या होतो तरी आई त्याला मासा तोडून देते.

हे मी थोरल्याला ऐकवलं ते निमित्त काढूनच. झालं असं, की परवा रात्री उठले तर फ्रिजपुढे आधीच कोणीतरी उभं. हाच. दार सताड उघडं, हातात काही नाही, नुसता आत बघत उभा, फिजिक्स कुठे गेलं होतं कोण जाणे. मी काही विचारलं नाही, शिकलेय आता, गुपचूप कपाटाला पाठ लावून खाली फरशीवर बसले, धाकटीच्या जागेवर. बराच वेळ त्याने डबे न्याहाळले. मग फ्रिजलाच सांगितल्यासारखं म्हणाला, "पुढच्या वर्षी नोकरी लागली तर सुट्टी अशी मिळणार नाही. आठवडाभर मिळेल फार तर."

मी हं म्हटलं. मग राहवेना, म्हणून ओर्काची गोष्ट सांगितली. म्हटलं, बघ, २०१२ मध्ये संशोधन आलंय, तीस वर्षांपुढच्या मुलाची आई गेली ना तर पुढच्या वर्षभरात त्याचा मरायचा धोका जवळजवळ चौदा पट वाढतो. चौदा पट!

"म्हणून तर आत्तापासून प्रॅक्टिस करतोय ना," तो म्हणाला.

यावर मला हसू आलं की रडू ते ठरवायच्या आत फ्लॅश आला, त्याने माझ्याकडे बघितलं, बाजूला सरकून फ्रिजसमोर जागा करून दिली आणि दार धरून ठेवलं. तेवढ्यात धाकटी आली, माझी जागा गेली म्हणून कुरकुरत दुसऱ्या कपाटाला टेकली, आणि "तू का रडतेस?" "रडत नाहीये, घाम आहे," "डोळ्यातून?" असं आमचं चालू असतानाच दारात नवरा उभा. अंगावर शाल. भर उन्हाळ्यात शाल. म्हणाला, "फ्रिजचं दार लाव गं, बिल किती येतंय माहितीये का?"

आम्ही तिघं एकदम म्हणालो, तू झोप जा.

तो गेला नाही. खुर्ची ओढून बसला, घोटभर पाणी प्यायला, आणि फार गारठा आहे म्हणून पंखा पाचावरून दोनवर आणला. धाकटीने उठून पाचावर नेला. त्याने दोनवर आणला. थोरल्याने त्याला रेग्युलेटर कमी केल्याने नेमकी किती वीज वाचते ते सांगायला सुरुवात केली, आणि मी फ्रीजर उघडला तर ट्रे रिकामा.