गंज घासू नका म्हणणाऱ्यांनी हा पोपडा बघावा

माझा भाचा गोव्यात शिडाच्या बोटी दुरुस्त करतात त्या यार्डात कामाला आहे. या बोटींच्या पोटाखाली बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, जड पातं असतं, बोट कलंडू नये म्हणून, त्याला कील म्हणतात. परवा त्यानं एक मेसेज पाठवला, तोच आमच्या बेळगावच्या उद्यमबागच्या फौंड्रीवाल्यांच्या ग्रुपवरपण फिरायलाय, आणि विचारतोय, "मामा, असंच करू काय?" मेसेजात काय, तर गंज घासू नका, थेट रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजावर लावायचं औषध, मारा, गंज जेवढा जाड तेवढं चांगलं धरतं. खड्ड्यात गाडीची पुट्टी भरा. वरून शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून तांबं मिसळलेला रंग द्या, बिडाऐवजी स्वतः झिजावेत म्हणून लावलेले जस्ताचे तुकडेपण रंगवून टाका. ब्लास्टिंगवर, म्हणजे हवेच्या दाबानं बारीक खडी मारून लोखंड साफ करण्यात, वीस वर्षं काढलीत मी, वाचून डोकंच फिरलं.

कन्व्हर्टरमधलं फॉस्फोरिक ॲसिड नाहीतर टॅनिन गंजाशी मिळून काळपट थर करतं, हे खरं आहे, मान्य. घराच्या ग्रिलला पातळ गंज असला तर मीपण मारतो. पण भाचा चोर्ला घाटातून येताना त्याच कीलचा एक पोपडा पिशवीत घालून घेऊन आला, आधी कुणीतरी कन्व्हर्टर मारलेला. वरून काळाकुट्ट. बोटानं मोडला तर आत थरावर थर, नारिंगी, आणि चक्क ओलसर! म्हणजे औषध लागलं वरच्या कातडीला, खाली मीठ आणि ओल तशीच. लोखंडाचा गंज झाला की तो मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो, मग तो वरचा रंग उचलणारच, कितीपण महाग डबा आणा. आणि बीड जुनं असलं तर समुद्रात त्यातलं लोखंड निघून जातं, नुसतं ग्राफाइट उरतं, दिसायला अख्खं पण चाकूनं खरवडता येतं, ते घासल्याशिवाय कळणार कसं?

माझं ऐकू नका, आयएसओ 8501-1 बघा, रंगाआधी लोखंड किती साफ हवं ते सांगणारं आंतरराष्ट्रीय मानक. त्यातला एसए अडीच (Sa 2½) हा ब्लास्टिंगचा दर्जा म्हणजे गंज, जुना रंग, तेल काही दिसता कामा नये, फार तर फिकट डाग चालतात. पाण्याखाली राहणाऱ्या इपॉक्सीला, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या रंगाला, कंपन्या साधारण हेच मागतात. आधी गोड्या पाण्यानं मीठ धुवायचं, वाळवायचं, मग ब्लास्टिंग, आणि पहिला हात त्याच दिवशी, कारण खारट हवेत उघडं बीड काही तासांतच तांबूस पडतं.

गाडीची पुट्टी पाणी पिते, इपॉक्सीचीच भरा. तांब्याचा रंग थेट बिडावर मारला तर खाऱ्या पाण्यात बॅटरीच तयार होते आणि खाल्लं जातं ते बीड, मध्ये इपॉक्सीचे हात पाहिजेतच. जस्त लावा, हे बरोबर. पण त्यालाच रंग फासला तर ते काम कसलं करणार?

भाच्याला सांगितलंय, ब्लास्टिंगवाला येईपर्यंत एकपण डबा उघडायचा नाही. तो पोपडा मी ठेवून घेतलाय, ग्रुपवर मोडलेल्या बाजूचा फोटो टाकतो.