पोथी बासनातच बरी

श्रद्धाळू आहात, पण कट्टर नाही? उत्तम. फक्त एक पथ्य पाळा: आपला धर्मग्रंथ सगळा वाचू नका. कपाळाला लावा, त्यावर हात ठेवून शपथा घ्या, पण वाचायचाच झाला तर निवडून वाचा.

निवडायचं कसं? मनुस्मृतीच घ्या. तिसऱ्या अध्यायातला ५६वा श्लोक, ‘यत्र नार्यस्तु पूज्यन्ते’, पाठ करून महिलादिनाच्या भाषणात ठोकून द्यावा. नवव्या अध्यायातला तिसरा, ‘न स्त्री स्वातन्त्र्यमर्हति’, कुणी पुढे केलाच तर एकच शब्द उच्चारा: प्रक्षिप्त! हा मागाहून श्लोक घुसडणारा इसम मोठा शिस्तीचा असावा. एवढं घुसडलं, पण एकही चांगला श्लोक त्याच्या हातून घुसडला गेला नाही.

बायबलवाल्यांनी त्यातल्या ‘लेवीय’ या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात ‘शेजाऱ्यावर प्रीती कर’ आलं की तिथेच खूण घालून थांबावं. २५व्यात आसपासच्या राष्ट्रांतले गुलाम विकत घेऊन मुलाबाळांना वारशात द्यायची मुभा आहे. कुराणवाल्यांनी ४:३४, म्हणजे न ऐकणाऱ्या बायकोचं काय करावं ती आयत, निघाली की अरबी क्रियापदाचा कीस पाडायला बसावं. ‘मारा’ की ‘दूर व्हा’, यावर अख्खी रात्र निघते. जिला मार बसतोय तिनं तोवर जरा दम धरावा.

‘पण पवित्र शब्दांना कात्री कशी लावणार?’ असं कळवळून विचारायला विसरू नका. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी बायबलची खास आवृत्ती छापली गेली. मोशेनं आपल्या लोकांना मिसरच्या गुलामगिरीतून सोडवल्याची कथा तिच्यातून गाळली. ‘दासांनो, धन्याची आज्ञा पाळा’ मात्र ठेवलं. म्हणजे कात्री लागते, फक्त ती धन्याच्या हातात असावी लागते. असो, हे चारचौघांत बोलायचं नसतं.

मग एखादा माथेफिरू उठतो आणि तीच ओळ खरी करून दाखवतो. लगेच म्हणा, ‘त्याला धर्म कळलाच नाही.’ तो पान काढून दाखवेल, तिकडे पाहू नका. यातला शब्दन्‌शब्द पवित्र आहे, हे त्याला लहानपणी कुणी सांगितलं? बहुधा तुम्हीच, अगदी प्रेमानं, मांडीवर घेऊन.

आणि घरातल्या मुलीनं नेमकं तेच पान उघडून अर्थ विचारला, तर म्हणा, ‘मोठी झालीस की कळेल.’ ‘मग तुम्हाला कळलाय का?’ असं तिनं विचारायच्या आत पोथी बासनात बांधा. गाठ जरा घट्ट मारा.